लाल डोळा आणि डोक्यातली गिरणी

२०२३ सालच्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची जी मोठी साथ पसरली, तिचे स्मरण आपल्यापैकी बहुतेकांना असेलच. जुलै महिन्यात आळंदी परिसरात तिचा जोर विशेष होता व पाठोपाठ ती सर्वत्र पोहोचली. आमच्या तालुक्याच्या गावातील चिकित्सालयातही त्या दिवसांत केवळ लाल डोळे घेऊन येणाऱ्यांची रांग लागत असे. त्रिफळा क्वाथाचा परिषेक, आश्च्योतन, पापण्यांवर बिडालक आणि घरात प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवण्याची सूचना, एवढ्यावर बहुतेक रुग्ण आठवडाभरात बरे होत होते. या गर्दीत एक लाल डोळा आमच्या हातून चुकला. तो कसा चुकला हे प्रांजळपणे सांगावे आणि त्या निमित्ताने व्यवसायबंधूंपुढे एक मत मांडावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

रुग्ण सव्वीस वर्षांचा तरुण. साधारण महिनाभरापूर्वी घाटात दुचाकीवरून पडून त्याच्या कपाळाला मार लागला होता. त्या वेळी जवळच्या रुग्णालयात डोक्याचे सी.टी. स्कॅन झाले आणि मेंदूत रक्तस्राव नाही असा निर्वाळा मिळून तो घरी आला. त्यानंतर उजवा डोळा लाल झाला. एका डॉक्टरांनी प्रतिजैविकाचे थेंब दिले, उपयोग झाला नाही, म्हणून आई त्याला आमच्याकडे घेऊन आली. डोळा लाल होता, पापणी किंचित सुजलेली होती, डोळ्यातून पाणी येत होते. साथीचे दिवस असल्याने आम्ही अभिष्यंद असे निदान करून मोकळे झालो. निघता निघता आई म्हणाली, "डॉक्टर, ह्याच्या डोक्यात रात्रभर गिरणी चालू असते म्हणतो. उशीवर डोकं टेकवलं की जास्त." आम्ही हे वाक्यही ऐकले आणि केसपेपरवर दुसरे निदान लिहिले: कर्णनाद. डोळ्यासाठी आश्च्योतन आणि कानासाठी बिल्वतेलाचे कर्णपूरण! एकाच व्याधीची दोन लक्षणे आम्ही दोन इंद्रियांत वाटून टाकली आणि दोन स्वतंत्र व्याधी म्हणून त्यांची चिकित्सा केली.

नवव्या दिवशी तो परत आला तेव्हा उजवा डोळा स्पष्टपणे पुढे आलेला होता, बाहेरच्या बाजूस वळत नव्हता आणि त्याला एकाच्या जागी दोन दिसत होते. दृष्टीही मंद झाली होती. बंद पापणीवर बोट ठेवले असता स्पंदन जाणवले. तेव्हा कोठे स्टेथोस्कोपची घंटी डोळ्यावर ठेवण्याची बुद्धी आम्हास झाली. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर भात्यातून वारा सुटावा तसा आवाज येत होता. गिरणी कानात नव्हती, डोळ्याच्या मागे होती. त्याच दिवशी त्याला नेत्रतज्ज्ञांमार्फत पुण्यास पाठविले. तेथे रक्तवाहिन्यांचे चित्रण होऊन निदान झाले: कॅरॉटिड-कॅव्हर्नस फिस्टुला.

फिस्टुला म्हटले की आपल्या वैद्यवर्गाच्या डोळ्यांपुढे भगंदर आणि क्षारसूत्र उभे राहते. परिषदेच्या एका चहापानात आम्ही हा प्रसंग सांगत असता एका ज्येष्ठ स्नेह्यांनी खरोखरच "डोळ्यात भगंदर?" असा प्रश्न केला होता. येथे अर्थ एवढाच की जेथे वाट नसावी तेथे वाट झाली आहे. मेंदूस रक्त पुरविणारी आतली कॅरॉटिड धमनी कवटीच्या तळाशी एका शिरापिंडातून पार होते. त्यास कॅव्हर्नस सायनस म्हणतात. अशुद्ध रक्ताच्या डोहातून धमनीची नळी जावी, अशी ही रचना शरीरात अन्यत्र शोधून सापडणे कठीण. डोळ्याची हालचाल करणाऱ्या नाड्याही याच डोहाच्या भिंतीतून जातात, आणि डोळा बाहेर वळविणारी सहावी मस्तिष्क नाडी तर धमनीला लगटून डोहाच्या आतूनच जाते. डोक्यास जोराचा मार लागून कवटीचा तळ हादरला की धमनीची भिंत येथे फाटू शकते. मग धमनीचे दाबाखालचे रक्त थेट डोहात शिरते आणि मिळेल त्या वाटेने बाहेर धावते. त्यांतील एक वाट म्हणजे डोळ्याची वरची शीर. या शिरेतून रक्त डोळ्याकडून मेंदूकडे जावयाचे असते. ते आता उलटे, डोळ्याकडे, आणि तेही धमनीच्या दाबाने येऊ लागते.

एवढे समजले की सर्व लक्षणांचा उलगडा होतो. शिरा तुडुंब भरून स्क्रूप्रमाणे वळ्यावळ्यांच्या होतात आणि थेट बुबुळाच्या काठापर्यंत धावतात. डोळे आल्यावर जी लाली दिसते ती पसरट असते, घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात. येथे घाण जवळजवळ नसते आणि प्रत्येक शीर वेगळी मोजता येते. डोळा पुढे येतो, त्यात ठोके जाणवतात, आतला दाब वाढतो, दृष्टिपटलास रक्त पुरेनासे होते. क्वचित विकृती एका बाजूस असून दुसरा डोळाही लाल होतो, कारण दोन्ही बाजूंचे डोह एकमेकांस जोडलेले असतात. आणि रक्ताची उलटी वाट मेंदूच्या पृष्ठभागावरील शिरांकडे वळली तर मेंदूत रक्तस्रावाचे भय. म्हणजे हा केवळ डोळ्याचा प्रश्न राहत नाही.

याचा दुसरा, सौम्य प्रकारही आहे व तो आपल्या चिकित्सालयात अधिक फसवा. त्यात मुख्य धमनी फाटलेली नसते. मेंदूच्या आवरणास रक्त पुरविणाऱ्या बारीक शाखांचा त्या डोहाशी संबंध जुळतो. रक्ताचा वेग कमी असतो. अपघाताचा इतिहास बहुधा नसतो आणि रुग्ण पुष्कळदा रजोनिवृत्तीनंतरची स्त्री असते. महिनोन्‌महिने एक डोळा लालसर, थोडे डोके दुखणे, आणि "रात्री कानात घुमतं बाई काहीतरी" एवढीच तक्रार. अशा आजी-मावशींना आपण किती वेळा रक्तज अभिष्यंद, पित्तप्रकोप, चष्म्याचा नंबर किंवा वय झाले असे सांगून परत पाठविले असेल, याचा प्रत्येकाने आपापल्या केसपेपरांशी हिशोब करावा. १९८५ साली बॅरो व सहकाऱ्यांनी केलेले अ, ब, क, ड असे चार प्रकारांचे वर्गीकरण आजही वापरले जाते. त्यातला पहिला मुख्य धमनी फाटल्याचा, उरलेले तीन या बारीक शाखांचे.

या व्याधीच्या चिकित्सेचा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांस सांगण्याजोगा आहे. १८०९ साली लंडनचे शल्यचिकित्सक बेंजामिन ट्रॅव्हर्स यांच्याकडे एक स्त्री होती. गर्भारपणात तिला कपाळात अकस्मात काही तुटल्याचा आवाज झाला आणि पुढे डोळा ठोके देत बाहेर आला. ट्रॅव्हर्स यांनी तिची मानेतील कॅरॉटिड धमनीच बांधून टाकली आणि तिला आराम पडला. विकृती डोळ्याच्या खोबणीतच आहे अशी त्यांची समजूत होती. मूळ जागा त्यांना ठाऊक नव्हती, तरी पाण्याचा पाट वरच बंद करावा हा विचार चुकीचा नव्हता. परंतु त्या पाटावर मेंदूही अवलंबून असतो, त्यामुळे पुढे दीडशे वर्षे ही शस्त्रक्रिया काहींना वाचवीत राहिली आणि काहींना पक्षाघात देत राहिली. १९३० साली ब्रूक्स यांनी धमनीत स्नायूचा लहानसा तुकडा सोडून तो रक्ताच्या ओघाबरोबर छिद्रात अडकविण्याची युक्ती काढली. खरी कलाटणी दिली ती मॉस्कोच्या बुर्देन्को संस्थेतील फ्योदोर सेर्बिनेंको यांनी. मे दिनाच्या उत्सवात मुलांच्या हातातील फुगे दोरीला ओढ देताना पाहून त्यांना कल्पना सुचली असे सांगतात. नळीच्या टोकास बसविलेला इवलासा फुगा रक्तप्रवाहाबरोबर न्यावयाचा, छिद्रापाशी फुगवावयाचा आणि तेथेच सोडून नळी काढून घ्यावयाची. त्यांचा निबंध १९७४ साली अमेरिकेच्या न्यूरोसर्जरीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कवटी न उघडता, धमनी न बांधता छिद्र बुजविणे शक्य आहे, हे तेव्हापासून जगाने मान्य केले.

आज जांघेतील धमनीत सुई घालून बारीक नळी महाधमनीतून मानेपर्यंत नेतात, तिच्या आतून त्याहून बारीक नळी छिद्रापर्यंत. सारे काम पडद्यावर क्ष-किरणांच्या चित्राकडे पाहत चालते. फुग्याची जागा बहुतेक ठिकाणी प्लॅटिनमच्या केसासारख्या तारांनी घेतली आहे. १९९१ साली इटालियन तज्ज्ञ गुग्लिएल्मी यांनी मंद विद्युत्प्रवाहाने सुटी होणारी तार पुढे आणली. ती डोहात वेटोळे घालून बसते आणि तिच्याभोवती रक्त गोठून वाट बंद होते. काही ठिकाणी रक्तात शिरताच घट्ट होणारे द्रव्य सोडतात, काही ठिकाणी धमनीच्या आतून आवरणयुक्त जाळी बसवितात. सौम्य प्रकारात धमनीकडून जाण्याऐवजी शिरेच्या उलट्या वाटेने डोहात पोहोचतात, आणि ती वाटही न मिळाल्यास डोळ्याची वरची शीर उघडून तेथून प्रवेश करतात. धोका नाही असे नाही. पक्षाघात, नाडीची दुर्बलता, पुन्हा वाट फुटणे हे सर्व संभवते. पण यश पुष्कळ आहे. आमच्या त्या तरुणाने सांगितले की टेबलावर असतानाच त्याच्या डोक्यातली गिरणी एकाएकी थांबली, आणि ती शांतता त्यास क्षणभर भीतिदायक वाटली. असा अनुभव अनेक रुग्ण सांगतात. लाली व सूज काही दिवसांत उतरली, डोळा दोन-तीन आठवड्यांत मागे गेला, दोन दिसणे थांबण्यास चार महिने लागले. दृष्टी मात्र पूर्ववत् झाली नाही. आमच्याकडे गेलेल्या नऊ दिवसांचा त्यात वाटा किती, हे नेत्रतज्ज्ञांस आम्ही विचारले. त्यांनी सौजन्याने उत्तर टाळले.

आता मुख्य मुद्दा. हा प्रसंग सांगितल्यावर आमच्या जिल्ह्यातील वैद्यमंडळींत दोन प्रकारची प्रतिक्रिया उमटली. एक म्हणे, हे आपले क्षेत्रच नव्हे, त्यात आपला दोष नाही. दुसरी म्हणे, सुश्रुतांनी हे सारे आधीच सांगून ठेवले आहे. आम्हास दोन्ही मान्य नाहीत.

उत्तरतंत्रात शहात्तर नेत्ररोग आहेत. सर्वगत रोगांत सिरोत्पात म्हणून एक वर्णिला आहे: डोळ्यांतील रेषा तांब्यासारख्या लाल होतात, वेदना असते किंवा नसतेही. आणि लगेच पुढे सिराहर्ष सांगताना आचार्य म्हणतात की मोहामुळे सिरोत्पाताची उपेक्षा झाली तर तो उत्पन्न होतो, तांबूस स्राव वाहतो आणि रुग्णास पाहणे अशक्य होते. सिरोत्पात म्हणजेच कॅरॉटिड-कॅव्हर्नस फिस्टुला असे समीकरण आम्हास मांडावयाचे नाही. आधुनिक व्याधीस प्राचीन नाव चिकटविण्याचा जो छंद आपल्या पदव्युत्तर प्रबंधांत बोकाळला आहे, त्याने ना सुश्रुतांचा मान वाढतो ना रुग्णाचे भले होते. आमचे लक्ष वेधले ते उपेक्षा या शब्दाने. अधिमंथाच्या प्रकरणात तर दृष्टिनाशास किती दिवस लागतात ते दोषपरत्वे मोजून दिले आहे: कफज सात, वातज सहा, रक्तज पाच, आणि पित्तज मिथ्याचाराने तत्काळ. ज्या शास्त्राने लाल डोळ्यास दिवसांची मुदत घातली, त्याच्या अभ्यासकाने नऊ दिवस आश्च्योतन चालू ठेवावे? दोष आमचाच होता आणि तो आमच्या शास्त्राच्याच कसोटीवर दोष होता.

चरकाचार्यांनी वैद्यास एक मोठी मोकळीक दिली आहे. सर्वच विकारांना नावे नसतात, तेव्हा नाव न सांगता आल्याची लाज वैद्याने बाळगू नये. पण त्याच ठिकाणी त्यांनी त्याच्यावर ओझेही ठेवले आहे: विकाराची प्रकृती, अधिष्ठान आणि समुत्थान जाणूनच कर्म आरंभावे. आमच्या रुग्णाचे समुत्थान अभिघात हे होते, त्याच्या आईने ते पहिल्याच वाक्यात सांगितले होते. नाव ठाऊक नसतानाही "मार लागल्यानंतर एकच डोळा लाल, त्यात घाण नाही, डोक्यात ठोक्यांचा आवाज" एवढ्यावरून हा साथीचा अभिष्यंद नव्हे, हे कळावयास हवे होते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नव्हते.

२०२० च्या नोव्हेंबरात शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांना अठ्ठावन्न शस्त्रकर्मांची अनुमती देणारी अधिसूचना निघाली, तेव्हा दोन्ही बाजूंनी केवढा धुरळा उडाला होता! आपण काय करू शकतो यावर सभा झाल्या, ठराव झाले. आपल्याकडून केव्हा आणि कोणाकडे तत्काळ पाठवावे, यावर एकही परिसंवाद झाल्याचे आमच्या स्मरणात नाही.

याहून अधिक चिंता आम्हास दुसऱ्या एका गोष्टीची वाटते. एका चर्चासत्रात एका तरुण वैद्यांनी सौम्य प्रकारच्या रुग्णेचा वृत्तांत सादर केला. रक्तप्रसादन औषधे, नस्य, जलौका. पाच महिन्यांत लाली गेली. निष्कर्ष, विनाशस्त्र यशस्वी चिकित्सा. टाळ्या पडल्या. त्या सद्‌हेतूविषयी आम्हास शंका नाही. परंतु हा सौम्य प्रकार काही रुग्णांत आपोआप बंद होतो, ही गोष्ट सुपरिचित आहे. कधी केवळ तपासणीचे चित्रण झाल्यानंतरही तो बंद झालेला आढळतो. म्हणूनच दृष्टी व दाब ठीक असल्यास आणि मेंदूकडील शिरांत उलटा प्रवाह नसल्यास तज्ज्ञ स्वतःही काही काळ थांबतात, आणि निवडक रुग्णांस मानेतील धमनी हाताने दाबण्याचा विधी शिकवितात. अशा व्याधीत आधीचे व नंतरचे चित्रण नसताना औषधाचा गुण सांगणे म्हणजे कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास. शिवाय लाली जाणे हे नेहमीच शुभ नसते. पुढची शीर गोठून बंद झाली म्हणजे डोळा निवळल्यासारखा दिसतो आणि रक्त मागे मेंदूच्या शिरांकडे वळलेले असू शकते. बाहेरून उपशम, आतून प्रकोप. त्या वैद्यांच्या रुग्णेचे पुढे काय झाले, हे सभेत कोणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही.

रक्तमोक्षणाविषयी स्पष्ट लिहितो. अपांगाजवळ जलौका लावणे आपल्याकडे रक्तज नेत्ररोगांत सर्रास चालते. अपांग हे सिरामर्म आहे आणि वैकल्यकर आहे हे आपण पाठ केलेले असते. ज्या शिरेत धमनीचा दाब आहे तेथे दंश करविणे हे धाडस आहे, चिकित्सा नव्हे. वेडीवाकडी, ठोके देणारी किंवा आवाज येणारी शीर दिसली तर जलौका, अग्निकर्म, मर्दन यांपैकी काहीही करू नये.

घंटी ठेवण्याची रीत सोपी आहे. रुग्णास दोन्ही डोळे मिटावयास सांगून घंटी पापणीवर अलगद टेकवावी, मग दुसरा डोळा उघडून समोर एका बिंदूकडे पाहावयास सांगावे म्हणजे पापणीचा थरथराट थांबतो, आणि क्षणभर श्वास रोखून धरावयास सांगावे. कपाळ व कानशील येथेही ऐकावे. अर्धा मिनिट लागतो. आवाज आला नाही म्हणून व्याधी नाही असे समजू नये. सौम्य प्रकारात तो नसतोही. मान दाबून आवाज थांबतो का हे पाहण्याचा मोह मात्र टाळावा, वृद्ध रुग्णात तर निश्चितच. आवाज आला, किंवा अपघातानंतर डोळा पुढे आला, किंवा लाल डोळ्यासोबत दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ आणि तेथून मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर नळीद्वारे उपचार होणारे केंद्र. खर्च मोठा असतो; शासकीय योजनेत काय बसते याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करण्यास नातेवाइकांस आधीच सांगावे, अन्यथा ती माणसे आकडा ऐकून अर्ध्या वाटेवरून परत फिरतात आणि पुन्हा आपल्याच दारात येतात.

नंतरची सेवा आपली आहेच. मलावष्टंभ होऊ न देणे, जोर न करणे, निद्रा, आहार, पापणी मिटत नसल्यास डोळ्याचे रक्षण. जाळी बसविली असल्यास रक्त पातळ ठेवणारी औषधे तज्ज्ञांच्या आदेशाविना एक दिवसही बंद करू नयेत आणि त्यांसोबत गुग्गुळ किंवा लसणाचे कल्प आपल्या मनाने सुरू करू नयेत.

त्या तरुणानंतर आम्ही नेत्ररुग्णांच्या केसपेपरवर एक ओळ छापून घेतली आहे: "नाद? स्पंदन?" दोन वर्षांत त्या ओळीपुढे जवळजवळ सर्वत्र "नाही" असेच लिहिले गेले. गेल्या हिवाळ्यात एकदाच "आहे" लिहावे लागले. त्रेसष्ट वर्षांच्या एक मावशी, डावा डोळा सहा महिने लालसर. आम्ही पाठविले, चित्रण झाले, सौम्य प्रकार निघाला, मेंदूकडे उलटा प्रवाह नाही. सध्या त्या निरीक्षणाखाली आहेत. तेथील डॉक्टरांनी त्यांना मानेची डावी धमनी उजव्या हाताने दाबावयास शिकविले आहे, कारण मेंदूस रक्त कमी पडले तर दाबणारा हातच गळून पडतो आणि दाब आपोआप सुटतो. मावशी दर पंधरवड्यास येतात, आम्ही घंटी ठेवतो. मागील खेपेस आवाज पूर्वीपेक्षा क्षीण वाटला. तसे त्यांना न सांगता पुढच्या चित्रणाची तारीख तेवढी कागदावर लिहून दिली.